दवंडीचा हंगाम

यवतमाळ जिल्ह्यात ३१ डिसेंबरला कॅलेंडर संपतं आणि त्याच दिवशी शेतकऱ्याच्या वर्षाचाही निकाल लागतो. खरिपाची अंतिम पैसेवारी त्या दिवशी जाहीर होते. ३० सप्टेंबरला नजरअंदाज, ३१ ऑक्टोबरला सुधारित आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी हा आकडा ठरतो. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचं दार उघडतं. जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाचं पुनर्गठन होतं, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत येते, मुलांची परीक्षा फी माफ होते. पन्नासच्या वर गेली की दार बंद. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दारव्हा, दिग्रस, घाटंजी, आर्णी इथल्या चहाच्या टपऱ्यांवर, शेकोटीभोवती हात शेकता शेकता, एकच प्रश्न फिरत असतो: "आणेवारी किती निघाली?"

पैसेवारी हा कागदावरचा शब्द. लोकांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे अर्धं, असा हा जुना हिशेब. रुपयाचे आणे १९५७ साली गेले, त्यांच्या जागी शंभर पैसे आले, सरकारने नावही बदललं. पण ज्यांनी हा शब्द वाचला नव्हता, फक्त ऐकला होता, त्यांनी तो तसाच पुढच्या पिढीच्या कानात घातला.

या जिल्ह्यात सरकारची बातमी कित्येक पिढ्या कानांनीच घेतली गेली. ती कोणी आणली, कोणत्या ऋतूत आणली, कोणत्या बोलीत सांगितली आणि ऐकणाऱ्याला उलट विचारायची सोय होती का, यावर तिचा उपयोग ठरत आला आहे.

ऋतू बहुतेक वेळा हिवाळाच होता, याचं कारण इथली जमीन. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. यवतमाळ शहर सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेलं. घाट उतरला की काळी माती सुरू होते. पावसाळ्यात ही माती बंडीचं चाक आसापर्यंत गिळते. पक्क्या सडका नव्हत्या तेव्हा मृगापासून दसऱ्यापर्यंत अनेक गावांचा तालुक्याशी संबंध जवळपास तुटायचा. दिवाळीनंतर वाटा वाळायच्या, नाल्यांचं पाणी उतरायचं, कापसाच्या बंड्या बाजाराकडे निघायच्या. त्याच वाटांनी, उलट्या दिशेने, सरकार गावात यायचं.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड या नावाने वेगळा जिल्हा झाला आणि लवकरच त्याला वणी जिल्हा म्हणू लागले. नाव वणीचं असलं तरी मुख्य कचेरी यवतमाळात होती. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. त्या नावातच कारभार दडलेला आहे. मूळ गाव यवत किंवा येवती, आणि पुढचा 'माळ' म्हणजे 'महाल', परगण्याचं ठाणं. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त हा परगणा लोहारा या शेजारच्या गावाशी जोडून, यवत-लोहारा असा येतो. दहाएक वर्षांपूर्वी शहराची हद्द वाढली तेव्हा वाघापूर, उमरसरा यांच्याबरोबर लोहाराही यवतमाळ नगरपरिषदेत आलं. चारशे वर्षांपूर्वी एका ओळीत लिहिलेली दोन गावं पुन्हा एका कारभाराखाली आली.

वऱ्हाडात जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर नसे, डेप्युटी कमिशनर असे. थंडी पडली की त्याचा दौरा निघायचा. तंबू, राहुट्या, दप्तरांच्या पेट्या बैलगाड्यांवर लादल्या जायच्या आणि आमराईत किंवा नदीकाठी मुक्काम पडायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने म्हणजे राज्य चालवणाऱ्या माणसाला रयतेने डोळ्यांनी पाहण्याचे दिवस. धुऱ्याचे तंटे, पाणंदीचे वाद, सारासुटीचे अर्ज, पाटलाविरुद्धच्या तक्रारी झाडाखाली ऐकल्या जायच्या. पटवाऱ्याची दप्तरं तपासली जायची, शाळेतल्या पोरांना पाढे विचारले जायचे. पाटील आणि पटवारी यांची कामं १९०० च्या वऱ्हाडच्या स्वतंत्र कायद्याने बांधून दिली होती. पुण्याकडे ज्याला तलाठी म्हणत, त्याला विदर्भातला शेतकरी आजही पटवारीच म्हणतो.

या दौऱ्यांची दुसरी बाजू गावाच्या अंगावर यायची. साहेबाच्या मुक्कामाला दूध, कोंबड्या, जनावरांना कडबा, चुलीला सरपण पुरवावं लागे. त्याला रसद म्हणत. तंबूचं सामान पुढच्या मुक्कामाला पोचवायला गावातली माणसं वेठीला धरली जात. सरकार दारी आलं याचा लाभ ज्याच्याकडे अर्ज होता त्याला. भार ज्याच्या नशिबी वेठ होती त्याला.

साहेबाचा मुक्काम कुठे पडणार हे गावाला कळायचं ते दवंडीने.

संध्याकाळी माणसं शेतातून परतली, गुरं गोठ्यात गेली, चुली पेटल्या की डफड्यावर थाप पडायची. किंवा मग पहाटे, माणसं कापूस वेचायला निघण्याआधी. दवंडी देणारा चावडीपुढे थांबायचा, पारापाशी थांबायचा, मग प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी. आधी डफडं, मग हाळी, मग बातमी, आणि शेवटी पुन्हा डफडं. बातमी एका दमात सांगता येईल एवढीच लांब. लिलाव, गुरांचा कोंडवाडा, देवी टोचणारा येणार, सारा भरायची मुदत, नदीला पूर, हरवलेला बैल. दवंडी ही कायद्याच्या दृष्टीने नोटिशीइतकीच वजनदार होती. जमीन महसुलाच्या थकबाकीपोटी मालमत्तेचा लिलाव करायचा तर त्याची उद्घोषणा दवंडी पिटून करावी, ही तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही राहिली. डफडं वाजलं नाही, ही तक्रार लिलाव अडचणीत आणू शकत होती.

दवंडीचा एक गुण पुढच्या कुठल्याच साधनाला पुरता उचलता आला नाही. ती देणारा माणूस समोर उभा असायचा. दारातली बाई पदर सावरत विचारायची, "कधी म्हणतोस रे बा? मंगळवारी का बुधवारी?" म्हातारा विचारायचा, "माह्या वावराचं नाव हाय का त्यात?" उत्तर तिथेच मिळायचं, आणि उत्तर माहीत नसलं तर दुसऱ्या दिवशी चावडीवरून विचारून आणायचं बंधन त्या माणसावर पडायचं, कारण तो त्याच गावचा होता.

तो त्या गावचा होता, पण गावात नव्हता. दवंडी देणं, टपाल पोचवणं, सरकारी माणसापुढे वाट दाखवत चालणं ही कामं पिढ्यान्पिढ्या महार समाजावर लादली गेली होती. काही ठिकाणी डफड्याचं काम मांग समाजाकडे असे. ज्याला कोणाच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, त्यालाच प्रत्येक उंबरठ्यापर्यंत सरकारची बातमी न्यावी लागे. गावातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आधी त्याच्या कानी येई आणि मोबदल्यात त्याला शिळी भाकर, खळ्यावरचं थोडं धान्य आणि अपमान मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं, ते याच गुलामीवर बोट ठेवून. विदर्भातली गावकामगारीची रीत मुंबई इलाख्याहून वेगळी होती, पण जाच तोच होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर विदर्भातल्या असंख्य कुटुंबांनी गावकी सोडली, मेलेली गुरं ओढणं सोडलं, डफडं खाली ठेवलं. दवंडीचा इतिहास सांगताना तिच्या आवाजाची आठवण काढणं सोपं असतं; तो आवाज बंद करण्याचा हक्क कोणी आणि किती किमतीने मिळवला, ते त्याच श्वासात सांगायला हवं.

दवंडी देणारा कोतवाल पुढे महसूल खात्यातलं मानधनावरचं पद म्हणून उरला. या कोतवालाने बातमी नुसती आणली नाही, ती गावाबाहेरही नेली. गावात कोण जन्मलं, कोण वारलं, मेलेला कशाने गेला, याची नोंद एका वहीत होई. तिला विदर्भात कोतवाल बुक म्हणतात. त्या वहीत बापाचं नाव, जात, तारीख असे. कित्येकदा ती लिहवून घेणाऱ्या कोतवालाला स्वतःला अक्षरओळख नसे; तो सांगे, दुसरा लिही. आज तीच पिवळी पडलेली पानं अनेक घरांना आधार देतात. जात पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेत गेलेल्या आजोबांचा दाखला सापडतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजोबांचा एकमेव लेखी पुरावा बहुधा कोतवाल बुकात असतो. त्याची नक्कल काढायला तहसीलच्या अभिलेख कक्षापुढे नातवंडं उभी राहतात.

हिवाळ्याच्या दवंडीत आरोग्याच्या बातम्या पुष्कळ असत. देवीची लस उन्हाळ्यात टिकत नसे, म्हणून टोचण्याचा हंगाम थंडीचा. १८८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या हद्दीत लस सक्तीची करण्याची सोय केली. गावात टोचणारा आला की आया लेकरं लपवत. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण दंडावर पिकणारी जखम तापासकट आठवडाभर छळायची. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या काही वर्षांत वऱ्हाडात पोचला. हा रोगही थंडीत जोर धरी आणि उन्हाळ्यात ओसरे. उंदीर पडू लागले की गाव रिकामं करण्याची दवंडी होई; घरं कुलूपबंद करून माणसं वावरात तुऱ्हाट्यांच्या झोपड्या घालून राहत. १८९९-१९०० च्या दुष्काळात थंडी सुरू होताना दवंडीत दुष्काळी कामांची बातमी आली. खडी फोडायचं काम कुठे सुरू झालं, तिथे बाया आणि लेकरांना घेतात का, हे त्या वर्षी लाखो माणसांसाठी जगण्यामरण्याचं ज्ञान होतं.

जवळपास शंभर वर्षांनी, ९ डिसेंबर १९९५ ला, देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. दुसरी २० जानेवारी १९९६ ला. दिवस पुन्हा थंडीचेच. आदल्या दिवशी गल्लीगल्लीत भोंगा लावलेला रिक्षा फिरला आणि सकाळी अंगणवाडी ताई घरोघरी गेली. भोंग्याने बातमी दिली. लेकराला बूथवर नेण्याचं धाडस मात्र ओळखीच्या ताईने दिलं. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला.

गावांत डफडं वाजत होतं त्याच काळात शहरांत दुसरी व्यवस्था उभी राहत होती. वऱ्हाडात १८८५ च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी बोर्डं आली, १८८६ च्या कायद्याने नगरपालिकांचा कारभार बांधला गेला. यवतमाळची नगरपालिका १८६९ मध्ये स्थापन झाली, मग बंद पडली आणि १८९४ मध्ये पुन्हा उभी राहिली. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती साडेदहा हजारांच्या आसपास होती. पुढे मूर्तिजापूरहून छोटी रेल्वे यवतमाळला पोचली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी बांधलेली ही लाइन पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली गेली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले, बाजार वाढला, आणि कंदील, गटारं, कोंडवाडा, बाजारकर या गोष्टींच्या बातम्यांना वाचक मिळाला.

तो वाचक १९१८ मध्ये आणखी बळावला. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्या पुढाकाराने यवतमाळात 'लोकमत' साप्ताहिक निघालं. नाव लोकमान्य टिळकांनी सुचवलं होतं. सरकारची बातमी आता सरकारच्याच शब्दांत येईना, तिला उत्तरही छापून येऊ लागलं. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या धुंदीच्या जंगलात अण्यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तेव्हा जंगल खात्याच्या मनाईला लोकांनी दिलेलं ते जाहीर उत्तर होतं. 'लोकमत' पुढे बंद पडलं. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते यवतमाळातूनच पुन्हा सुरू केलं, आणि १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरात ते दैनिक झालं. 

पुसदचं नाव इथे दुसऱ्या एका कारणानेही घ्यावं लागतं. पुसदजवळच्या गहुली तांड्यावर १ जुलै १९१३ ला जन्मलेले वसंतराव नाईक वकील झाले आणि १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. छोट्या गावाची घरपट्टी, पाणी, झाडलोट, दवाखाना यांचा हिशेब त्यांनी तिथे हाताळला. १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभांचा प्रयोग सुरू झाला होता, तोही त्यांनी जवळून पाहिला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष वसंतराव होते. १९६१ मध्ये समितीने अहवाल दिला, त्यावरून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. ५ डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही आज सगळ्या महाराष्ट्राला सवयीची झालेली उतरंड रचणाऱ्या माणसाने कारभाराचे पहिले धडे पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका नगरपालिकेत गिरवले होते.

तांड्यावरून आलेल्या नेत्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागली नसेल. सरकारची मराठी ही या जिल्ह्यातल्या सगळ्यांची घरची भाषा नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णीकडच्या तांड्यांवर बंजारा बोली चालते. केळापूर, मारेगाव, झरी, घाटंजी भागात गोंड आणि कोलाम वस्ती आहे. वणी-पांढरकवड्याच्या सीमेवर तेलुगू कानावर पडते. तांड्यावर बातमी नायकाकडे आणि कारभाऱ्याकडे जायची, आणि ते ती आपल्या बोलीत सांगायचे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडाच्या मधोमध चावडी असते आणि गावाचं सगळं बोलणं तिथे होतं. कचेरीतून निघालेला मराठी कागद या चावडीत येऊन कोलामी व्हायचा. हे भाषांतर कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण त्यावाचून बातमी पोडाच्या कुडाबाहेरच अडली असती.

हिवाळा मोठ्या सरकारलाही जवळ आणतो. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला होता की दरवर्षी विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन नागपुरात होईल. राज्य झाल्यावर नोव्हेंबर १९६० मध्ये पहिलं अधिवेशन भरलं आणि तेव्हापासून 'हिवाळी अधिवेशन' हा विदर्भाच्या कॅलेंडरमधला सण झाला. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंगणवाडी सेविका, रोजगार सेवक, कोतवाल, कापूस उत्पादक आपापले बॅनर गुंडाळून पहाटेच्या गाडीने निघतात आणि मोर्च्यात उभे राहतात. शंभर वर्षांपूर्वी साहेबाचा तंबू गावाकडे यायचा, तेव्हा अर्ज घेऊन आमराईत जावं लागे. आता अर्ज घेऊन नागपूर गाठावं लागतं.

त्या अर्जांत कापूस असतोच. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. जवळपास तीन दशकं यवतमाळच्या हिवाळ्याच्या बातम्या तिने ठरवल्या. केंद्र कोणत्या जिनिंगवर उघडणार, काटा कधी सुरू होणार, ग्रेड कोणता लागला, चुकारे कधी मिळणार. लग्नाची तारीख चुकाऱ्याच्या तारखेवर ठरायची. रांगेतल्या बंड्यांपाशी रात्र काढणारा शेतकरी ग्रेडरच्या मूडपासून मंत्र्याच्या भाषणापर्यंत सगळं रांगेतच ऐकायचा. आता तो संबंध फोनवर गेला आहे. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करणं भाग पडलं. मुदतीची बातमी ज्याला उशिरा कळली त्याने कापूस खेडा खरेदीवाल्याला घातला.

बातमी उशिरा पोचण्याची सगळ्यात कडू किंमत या जिल्ह्याने २०१७ मध्ये मोजली. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती आणि फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. औषधाच्या डब्यावर सूचना होत्या. त्या बारीक अक्षरांत, परक्या भाषांत होत्या आणि पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत डबा बहुधा वेष्टनाविनाच पोचत होता. वाऱ्याच्या दिशेने फवारा, दुपारच्या उन्हात फवारू नका, दोन औषधं मिसळू नका, ही तीन वाक्यं डफड्यावर एका दमात सांगता आली असती. मृत्यूंनंतर गावोगाव भोंगे फिरले, सभा झाल्या, संरक्षक किट वाटल्या गेल्या.

त्याच वर्षी पाऊस कमी पडला. यवतमाळ शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं हिवाळ्यातच तळाला जाऊ लागली आणि २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत नळ अनेक दिवसांआड येऊ लागला. पाणीटंचाईचे सरकारी आराखडे तीन टप्प्यांचे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. भूजल खात्याची माणसं निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारीतही मोजतात. म्हणजे उन्हाळ्याची बातमी थंडीतच तयार असते. शहरातल्या माणसाला मात्र ती टँकरभोवतीच्या रांगेत मिळाली. त्यात आणखी एक गुंता होता. यवतमाळात रस्ता आणि कचरा नगरपरिषदेचा, पण नळ महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा. गल्लीतल्या बाईने नगरसेवकाला विचारलं तर तो दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवणार. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणणारी अमृत योजना याच टंचाईच्या वर्षांत शहराच्या चर्चेचा मुख्य विषय झाली. पाइप फुटल्याची बातमी दत्त चौकात दवंडीच्या वेगाने पसरत होती.

आज छोट्या गावांत सकाळी पहिला सरकारी आवाज येतो तो घंटागाडीचा. स्वच्छतेचं गाणं, मग ओला-सुका कचरा, मग घरपट्टी-नळपट्टी भरण्याची सूचना, वर शास्तीची आठवण. जानेवारीपासून वसुलीचा सूर चढत जातो, कारण मार्चअखेर जवळ येतो. ध्वनिमुद्रित आवाज स्पष्ट असतो आणि दररोज तोच असतो. गाडी थांबते तेवढ्या अर्ध्या मिनिटात काही बाया चालकालाच विचारतात, "भाऊ, नळ कधी येते?" त्याला माहीत नसतं, तरी तो थांबून ऐकतो.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने दाखले ठरावीक मुदतीत देण्याचं बंधन घातलं. दाखल्याचा अर्ज आता आपले सरकार सेवा केंद्रातून जातो. गेल्या काही वर्षांत पटवाऱ्याच्या पदाला ग्राम महसूल अधिकारी आणि कोतवालाला महसूल सेवक अशी नवी नावं मिळाली. कोतवालांच्या कित्येक वर्षांच्या मागण्यांपैकी नाव ही एक. चतुर्थ श्रेणीचा दर्जा ही दुसरी, आणि तीच नागपूरच्या मोर्च्यात पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिली. २ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं, काही ठिकाणी ते २० तारखेवर गेलं आणि २१ डिसेंबरला निकाल लागले. जुन्या सभागृहांची मुदत संपून काही वर्षं अनेक गावं प्रशासकाच्या हाती होती. त्या वर्षांत कचेरीच्या फळ्यावर सूचना लागत होत्या. त्या सूचनांवर सभागृहात उभं राहून विचारणारा नगरसेवक नव्हता.

दहाएक वर्षांपूर्वी राळेगाव, कळंब, बाभूळगाव, मारेगाव, महागाव, झरी-जामणी ही तालुक्याची गावं ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली. निधी वाढला, मुख्याधिकारी आला, रस्ते झाले. ग्रामसभा मात्र संपली. ज्या गावात २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर कोणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकत होतं, तिथल्या मतदाराला आता आपल्या प्रभागाचा सदस्य गाठावा लागतो.

उलट दिशेचाही एक प्रवास याच जिल्ह्यात चालू आहे. १९९६ च्या पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. त्यांनी अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला, पोडाला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागण्याचा अधिकार दिला. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी भागातली अनेक गावं या क्षेत्रात येतात. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि नियम सांगतो की तिची दवंडीही द्यावी.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेआधीच्या संध्याकाळी पोडात थंडी मुरलेली असते. तूर सोंगून ठेवलेली, कापसाची शेवटची वेचणी उरलेली. चावडीपुढे पऱ्हाट्यांचा जाळ पेटतो. ग्रामपंचायतीचा शिपाई मोबाइलवर आलेला मराठी मजकूर वाचून दाखवतो. ऐकणाऱ्यांपैकी एक जण तो कोलामीत सांगतो. मग जाळाच्या पलीकडून एक म्हातारी विचारते, आणि शिपायाला फोन खिशात ठेवून तिला उत्तर द्यावं लागतं.